सोनोग्राफीतील गर्भमापनांची विश्वसनीयता

सोनोग्राफीतील गर्भमापनांची विश्वसनीयता म्हणजे एकाच गर्भाचे तेच माप त्याच किंवा दुसऱ्या तपासनिसाने पुन्हा घेतले असता दोन्ही मापे कितपत जुळतात, याचे प्रमाण. विश्वसनीयता आणि अचूकता या भिन्न संकल्पना आहेत. यंत्राची जुळणी चुकलेली असल्यास सर्व मापे एकमेकांशी जुळूनही सारखीच चुकीची असू शकतात.

प्रमुख मापे

पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यांपर्यंतची लांबी मोजतात. पुढे डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजली जाते. या मापांवरून गर्भाचे वय, वाढ व अंदाजे वजन काढतात.

त्रुटींची कारणे

प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. त्यासाठी शरीरातील ध्वनीचा वेग सेकंदाला १,५४० मीटर गृहीत धरतात. चरबीत तो याहून कमी असतो. छेद तिरका घेतला जाणे, गर्भाची हालचाल आणि पडद्यावरील खुणा किंचित पुढेमागे पडणे, ही इतर कारणे होत. पडद्यावर आकडा दिसत असल्यास अपेक्षित वयाशी जुळणारे माप घेण्याकडे तपासनिसाचा नकळत कल होऊ शकतो.

नागपूर येथील अभ्यास

इंटरग्रोथ-२१ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या आठ केंद्रांपैकी भारतातील एकमेव केंद्र विदर्भातील नागपूर येथे होते. निरोगी व सुपोषित मातांच्या गर्भांची वाढ मोजून तयार केलेली मानके २०१४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या देशांतील मापे तुलनायोग्य राहावीत म्हणून सर्व केंद्रांवर एकाच प्रकारचे यंत्र वापरले गेले. प्रत्येक माप तीनदा घेतले गेले आणि त्या वेळी आकडा तपासनिसापासून लपवलेला असे.

प्रकल्पाशी संबंधित संशोधकांच्या २०१२ मधील अभ्यासात दोन तपासनिसांच्या मापांतील फरकाची मर्यादा डोक्याच्या घेरासाठी सुमारे ४.९ टक्के, पोटाच्या घेरासाठी ८.८ टक्के आणि मांडीच्या हाडासाठी ११.१ टक्के आढळली. एकाच तपासनिसाच्या दोन मापांतील फरक याहून कमी होता.

व्यावहारिक महत्त्व

पहिल्या तिमाहीत गर्भाच्या वयाचा अंदाज साधारणपणे पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येतो. अखेरच्या तिमाहीत हा फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे शेवटच्या पाळीची तारीख आठवत नसलेल्या स्त्रीची पहिली तपासणी उशिरा झाल्यास, बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे की त्याची वाढ खुंटली आहे, हे ठरवणे अवघड होते.

वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आणि २४ आठवडे या मर्यादा महत्त्वाच्या आहेत. अशा सीमारेषेवर काही दिवसांचा फरकही निर्णायक ठरू शकतो.

पहिल्या तिमाहीत निश्चित केलेली प्रसूतीची तारीख नंतरच्या सोनोग्राफीवरून सहसा बदलत नाहीत. नंतरच्या मापांतील फरक वयाचा नव्हे, तर वाढीचा निदर्शक मानला जातो. म्हणून पहिला अहवाल जपून ठेवणे आणि पुढील प्रत्येक तपासणीच्या वेळी दाखवणे आवश्यक असते.