ढिल्या तारांची जत्रा

डूम मेटलचा महोत्सव नरखेड तालुक्यात कधी भरलेला नाही आणि इतक्यात भरेल असं चिन्हही नाही. मोवाडच्या किंवा बेलोन्याच्या एखाद्या पोराला या संगीताचं वेड लागलंच, तर आधी नरखेड जंक्शन, तिथून पंच्याऐंशीएक किलोमीटरवरचं नागपूर, आणि पुढे मुंबईची नाहीतर बंगळुरूची रात्रीची गाडी, असा मार्ग धरावा लागतो. ‘संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण सोडाच्या दिवसात कुठी चालला रे?’ असं बापानं विचारलं, तर मित्राचं लग्न आहे हेच उत्तर सोपं. डूम म्हणजे काय हे समजावत बसलं तर गाडी निघून जाईल.

तरी समजावलं पाहिजे. मेटल म्हटलं की लोकांना वेग आठवतो. मिनिटाला दोनशे ठोके, विजेसारखी फिरणारी बोटं. डूम त्याच घराण्यातला थोरला भाऊ. हा मिनिटाला साठ ठोक्यांवर चालतो, कधी त्याच्याही खाली. गिटारच्या तारा मुद्दाम ढिल्या केलेल्या, आवाज खर्जात, आणि एकच सुरावट दहा-बारा मिनिटं घोळवलेली. विषय बहुधा मरण, एकटेपणा, युद्ध, पाप. अशा संगीतासाठी माणसं रजा टाकून, कर्ज काढून देशोदेशी जातात. संगीताचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला त्या जाणाऱ्यांचा माग काढायचा आहे. पण सुरुवात एका कारखान्यातूनच करावी लागते.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा ॲस्टन हा भाग कामगारांचा. १९६५ साली तिथल्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशिनवर उभा होता. गिटार वाजवण्याचं काम मिळालं होतं, म्हणून तो नोकरी सोडत होता. त्या दिवशी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशिनमध्ये गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जळालेल्या हाताच्या दोनच धड बोटांनी वाजवणारा तो जिप्सी गिटारवादक. मग आयोमीनं भांडी घासायच्या द्रव साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांना बसतील अशा टोप्या घडवल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि वर जुन्या कातडी जाकिटाचे तुकडे चिकटवले. त्या टोप्यांना तार जाणवत नसे; जोरात दाबावं तर दुखे. म्हणून त्यानं बारीक तारा लावल्या, आणि पुढे त्या ढिल्याही केल्या. आयोमीच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमवर बरीच गाणी नेहमीच्या पट्टीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहेत. डूमचा तो खोल, लोंबता आवाज सैतानाकडून आलेला नाही. तो एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांसाठी काढलेल्या तोडग्यातून आला.

सैतानाची गोष्ट मात्र पाठ सोडत नाही. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० या दिवशी, शुक्रवारी बाहेर पडला. तेरा तारीख आणि शुक्रवार हा तिकडचा अशुभ योग, आणि कंपनीनं तो साधला. बँडचंच नाव असलेल्या पहिल्या गाण्याची सुरावट आपल्या भाषेत सांगायची तर षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम, एवढीच आहे. षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधल्या अंतराला युरोपात सैतानाचं अंतर म्हणत. मध्ययुगात चर्चनं त्यावर बंदी घातली होती, ही कथा मेटलचे चाहते आजही रंगवून सांगतात. बंदीला आधार नाही, तो स्वर टाळण्याचा गायनशिस्तीतला सल्ला तेवढा होता. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम दिवेलागणीला रोज हजेरी लावतो. मारवा, पूरिया, श्री, सगळ्यांत तो असतो. संध्याकाळची हुरहूर ज्या स्वरानं आपण शेकडो वर्षं आळवली, त्यातून बर्मिंगहॅमच्या चार पोरांनी भीती काढली. मारवा ऐकत वाढलेल्या माणसाला डूम परका वाटायचं कारण नाही, असं मला वाटतं. अर्थात मारव्याच्या श्रोत्यांना हे आवडणार नाही.

पुढे गंमत अशी झाली की मेटलला वेगाची चटक लागली आणि सॅबथची संथ चाल मागे पडली. १९८० च्या दशकात तिला धरून राहिलेले बँड थोडे. लॉस एंजलिसचा सेंट व्हायटस, शिकागोचा ट्रबल, स्वीडनचा कँडलमास. कँडलमासच्या १९८६ मधल्या ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’ या अल्बमनं या पंथाचं नाव जवळजवळ कायमचं केलं. वॉशिंग्टनच्या बाजूचा पेंटाग्राम हा बँड १९७१ पासून वाजवत होता, आणि त्याचा पहिला अल्बम निघायला १९८५ उजाडलं! मुंबईकरांनी मात्र गोंधळू नये. विशाल ददलानीचा पेंटाग्राम १९९४ चा. नाव तेवढं सारखं, काम निराळं.

या काळात डूमचा श्रोता विखुरलेला होता. एका गावात एक, दुसऱ्यात दोन. कॅसेटी टपालानं जायच्या, पत्रं यायची. कंपन्यांना हे संगीत नको होतं, याचा कळसाध्याय कॅलिफोर्नियाच्या ‘स्लीप’ या बँडचा. त्यांनी तासाभराहून लांब असं एकच गाणं रेकॉर्ड करून दिलं. कंपनीनं ते काढायला नकार दिला, बँड मोडला. चाहत्यांनी त्याच्या नकला एकमेकांना पुरवल्या, आणि अखेर १९९९ मध्ये एका रूपात व २००३ मध्ये ‘डोपस्मोकर’ या नावानं पूर्ण रूपात ते बाजारात आलं. आज डूमच्या कोणत्याही यादीत ते वरच्या ओळीत असतं. ते टिकवलं ऐकणाऱ्यांनी.

महोत्सवांचं बीजही यातच आहे. नेदरलँड्समधल्या टिलबर्गचा ‘रोडबर्न’ १९९९ पासूनचा, जर्मनीतला ‘डूम शॅल राइज’ २००३ चा, वुर्झबर्गचा ‘हॅमर ऑफ डूम’ २००६ चा, अमेरिकेतल्या फ्रेडरिक गावचा ‘मेरीलँड डूम फेस्ट’ २०१५ चा. यांतल्या बहुतेकांची वाट सारखीच: काही मोजक्या वेड्यांना आपले आवडते बँड एका जागी ऐकायचे होते, म्हणून त्यांनीच हॉल ठरवला. गावं पाहा. टिलबर्ग एके काळी लोकरीच्या गिरण्यांचं, फ्रेडरिकही काही महानगर नव्हे.

अशा जागी प्रत्यक्ष काय चालतं, ते मेटलच्या प्रसिद्धीला धरून नसतं. धक्काबुक्की कमी. लोक उभे असतात आणि ठोक्याबरोबर अख्खं धड सावकाश पुढे-मागे झुलतं. अँपच्या पेट्या एकावर एक रचलेल्या. खालचा स्वर कानांच्या आधी बरगड्यांत येतो, हातातल्या ग्लासातलं पाणी थरथरतं. जाणते कानात बोळे घालूनच येतात. कडेला एक टेबल असतं, तिथे टी-शर्ट, रेकॉर्ड, पॅच मांडलेले. तिकिटाच्या पैशांत बँडचं भागत नाही, परतीचं पेट्रोल त्या टेबलावरून निघतं. म्हणून खरा चाहता आधी तिथे जातो. अंगावरच्या टी-शर्टवर जितका अनोळखी बँड, तितका मान मोठा. हवेत उंचावलेली ती तर्जनी आणि करंगळीची शिंगं रॉनी जेम्स डिओनं मेटलमध्ये रुजवली. सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न बँडबाहेर पडल्यावर १९७९ मध्ये त्याच्या जागी तो आला. त्याच्या इटालियन आजीची ती खूण दृष्ट उतरवायची, आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळतात तशी. सैतानाला बोलावण्याची म्हणून गाजलेली खूण मुळात वाईट नजर हाकलण्याची!

भारतात हा आवाज कॅसेटी आणि टपालानंच आला. १९९३ मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक निघालं ते मुंबईतून नव्हे, अलाहाबादेतून. टपाल जिथे पोचतं तिथे रॉक पोचू लागला, आणि तालुक्याच्या गावी टपाल पोचतंच. बंगळुरूत १९९१ पासून ‘डाइंग एम्ब्रेस’ हा बँड डूमच्या चालीवर वाजवत होता. मुंबईत गर्दी होती ती १९८६ पासून भरणाऱ्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ला, म्हणजे ‘आय-रॉक’ला. जागा धोबीतलावचं रंगभवन. १९७८ ची पहिली जॅझ यात्राही याच उघड्या नाट्यगृहात झालेली. कॉलेजची पोरं स्वातंत्र्यदिनाच्या आसपास तिथे जमत आणि ‘ब्रह्मा’सारखे बँड सॅबथच्या वंशातलं काहीबाही वाजवत. रंगभवनाच्या बाजूची गल्ली २६/११ च्या हल्ल्याच्या रात्री साऱ्या देशाला माहीत झाली. त्याआधी ती ओळखीची होती ती अशा पोरांना.

ती जागा गेली कशी? २००० साली केंद्रानं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. इस्पितळ, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रंगभवनाच्या एका अंगाला सेंट झेवियर्स, दुसऱ्या अंगाला कामा हॉस्पिटल. कायद्याला दोष देता येत नाही. बाळंतिणीच्या खिडकीखाली डूम वाजवावा, असं चाहताही म्हणणार नाही. पण पर्यायी जागा कुणी उभी केली नाही. आय-रॉक फिरत राहिला, थांबला, २०२२ मध्ये मुंबईतच पुन्हा भरला.

रात्री दहाची तीच रेघ नरखेड तालुक्यातही आहे. रात्रभर बसून ऐकणं इथल्या लोकांना शिकवावं लागत नाही. खडी गंमत, दंडार आणि खंजिरी भजनं या भागात रात्र सरेस्तोवर चालत. खंजिरीचा इथला थोर वादक म्हणजे तुकडोजी महाराज. आष्टी, चिमूर इथे १९४२ च्या ऑगस्टमध्ये उठाव झाले, तेव्हा इंग्रज सरकारला या भजनांची एवढी धास्ती वाटली की महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. आष्टी नरखेडहून काही फार लांब नाही. खंजिरीचा ठेका चपळ आणि डूमचा जड, संगीतात काडीचंही साम्य नाही. ओढून ताणून लावायचंही नाही. साम्य आहे ते येणाऱ्यांत. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. दर पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात गावोगावची भजन मंडळं स्वतःच्या खर्चानं येतात, दिवसचे दिवस भजनं चालतात, आणि त्यांच्या निधनाच्या वेळेला, चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, लाखोंचा जमाव मौन धरतो. तिथे जाणाऱ्याला कुणी ‘कशाला जातोस’ म्हणून विचारत नाही. डूमवाल्याला विचारतात, एवढाच फरक.

मुंबईचं रंगभवन गेलं, तरी बंगळुरूनं पुढची वाट काढली. २०१२ मध्ये तिथे ‘बंगळुरू ओपन एअर’ सुरू झालं, त्याच वर्षी ‘बेवार सी’ या बँडचा सॅबथच्या जातकुळीतला पहिला अल्बम आला आणि पुढच्या वर्षी ‘जिन अँड मिस्कॅटॉनिक’चा. मुंबईच्या ‘प्रिमिटिव्ह’नं २०१६ मध्ये ‘इमॉर्टल अँड व्हाइल’ काढला. खेळ मुख्यतः बंद हॉलात, पबमध्ये, दोन-चारशे लोकांपुढे. युरोपातले महोत्सवही मोजक्याच लोकांवर सुरू झाले होते, म्हणून संख्येचं रडगाणं मला पटत नाही.

५ जुलै २०२५ ला सॅबथचे मूळ चौघे शेवटचं वाजवायला ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर आले. आजारी ऑझी सिंहासनावर बसून गायला. चाळीस हजारांवर माणसं मैदानात, बाकीचे जगभर पडद्यापुढे. भारतात ते संपेस्तोवर पहाट झाली. सतरा दिवसांनी ऑझी गेला, आणि बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर त्याची अंत्ययात्रा पाहायला हजारो लोक आले.

आता नरखेडच्या त्या पोरानं तालुक्यात, एखाद्या संत्र्याच्या बागेशेजारी, जनरेटर लावून डूमची रात्र करायची ठरवली तर? शांतता क्षेत्राची अडचण नाही, शंभर मीटरात इस्पितळ कुठलं. अडचण दहाची. नियमांत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. त्यात गणपती, नवरात्र, शिवजयंती असे दिवस असतात, पोरासाठी उरतो तो ३१ डिसेंबर. पण त्या रात्री मिनिटाला साठ ठोक्यांवर झुलायला गावातलं कोण थांबेल, हे आधी विचारून घेतलेलं बरं.