इंजिन सिम्युलेशन

इंजिन सिम्युलेशन म्हणजे इंजिनाच्या आत काय घडते त्याचे गणित संगणकाकडून करवून घेणे. ओतकाम, मशिनिंग, जुळणी यांतले काहीही व्हायच्या आधी सिलिंडरमधला दाब, तापमान, मिळणारी शक्ती, लागणारे इंधन आणि बाहेर पडणारा धूर यांचा अंदाज त्यातून बांधता येतो. पारिभाषिक शब्द ‘सदृशीकरण’. पण कारखान्यात आणि कॉलेजात सगळे सिम्युलेशनच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

गणिताची गरज पडते ती वेगामुळे. मिनिटाला १५०० फेरे, हा डिझेल इंजिनाच्या दृष्टीने संथच वेग. तरीही क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा नऊहजारावा भाग लागतो. इंधन फवारले जाते, वाफ होते, पेट घेते आणि पिस्टनला खाली ढकलते, ते सगळे अशा थोड्याच अंशांत उरकते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि तिथे हातही पोचत नाही. पूर्वी नमुन्याचे इंजिन ओतून, टेस्ट बेडवर चढवून, पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीचा आकार बदलत बदलतच उत्तर शोधावे लागे. दर बदलाला नवा पॅटर्न, नवे ओतकाम आणि बरेच महिने जात.

भारतात हा विषय शिकवला जातो तो बहुतेक मोटारीच्या इंजिनावर नाही. तो शिकवला जातो किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या ‘टीव्ही-१’ या एका सिलिंडरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनावर. कंपनी पुण्याची, स्थापना १९४६ ची. विहिरीवर वीज पोचण्याआधी पाणी उपसणारी ‘ऑइल इंजिने’ ज्यांनी पाहिली, त्यांना या जातीची ओळख करून द्यायला नको. टीव्ही-१ च्या सिलिंडरचा व्यास ८७.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, घनफळ ६६१ घनसेंटिमीटर, संपीडन गुणोत्तर १७.५ आणि शक्ती १५०० फेऱ्यांना ५.२ किलोवॉट. सांगलीच्या अपेक्स इनोव्हेशन्सने या इंजिनाला एडी करंट डायनॅमोमीटर, सिलिंडरमधला दाब मोजणारा संवेदक आणि क्रँकचा अंश मोजणारा एन्कोडर जोडून तयार केलेले संच देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत बसले आहेत. त्यामुळे हे आकडे भारतीय संशोधन निबंधांत इतक्या वेळा येतात की अभ्यासकांना ते तोंडपाठ असतात. शेताच्या कामासाठी घडलेले साधे इंजिन एका पिढीच्या मोटार अभियंत्यांची मोजपट्टी झाले. त्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत व्हायला हवा तेवढा होत नाही.

सिम्युलेशनचा सर्वांत सोपा प्रकार शून्यमितीय. यात सिलिंडरमधला सगळा वायू एकजीव धरतात, कुठेही तेच तापमान, तोच दाब. क्रँकच्या प्रत्येक अंशाला घनफळ किती ते भूमितीवरून मिळते आणि ऊष्मागतिकीच्या पहिल्या नियमावरून दाब निघतो. अडते ते एका ठिकाणी: इंधन कोणत्या अंशाला किती जळले? त्यासाठी सोव्हिएत संशोधक इव्हान वीबे यांनी १९६२ साली ग्रंथरूपाने मांडलेले सूत्र आजही वापरतात. सावकाश सुरुवात, मध्ये जोर, शेवटी पुन्हा मंदावणे, असा त्याचा वक्र. त्यात येणारा ६.९०८ हा आकडा गूढ नाही, ९९.९ टक्के इंधन जळले की ज्वलन संपले असे मानले, एवढाच त्याचा अर्थ. भिंतींतून किती उष्णता निसटते, हे गेरहार्ड वोश्नी यांच्या १९६७ च्या सूत्राने काढतात. हे मॉडेल विद्यार्थी स्वतःच्या हाताने लिहू शकतो आणि त्याने ते एकदा तरी लिहावेच. आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. गणेशन यांनी पेट्रोल आणि डिझेल इंजिनांच्या सिम्युलेशनवर दोन स्वतंत्र पुस्तके लिहिली, ती याच वाटेने जातात.

एवढ्याशा मॉडेलातूनही किती कळते, याचे उदाहरण जळगावचे घेऊ. मे महिन्याच्या दुपारी मेहरूण तलावाच्या काठाला पारा ४५ अंशांवर असतो. हिवाळ्याच्या सकाळी तिथेच २० अंश धरू. टीव्ही-१ चा सिलिंडर पूर्ण भरला असे मानले तर थंडीत एका धावेला सुमारे ०.७८ ग्रॅम हवा आत येते, उन्हाळ्यात ०.७२ ग्रॅम. म्हणजे जवळपास ८ टक्के हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे धूर न काढता जाळता येणारे इंधनही कमी. संपीडनाचा घातांक १.३५ धरला तर पिस्टन वर पोचेपर्यंत हिवाळ्यातली हवा सुमारे ५२५ अंशांना जाते आणि उन्हाळ्यातली ५९३ अंशांना. आत येतानाचा २५ अंशांचा फरक दाबल्यावर ६८ अंशांचा होतो. डिझेल त्यामुळे लवकर पेटते. पेट्रोलच्या गाडीत हीच गोष्ट ठोका (नॉकिंग) वाढवते, आणि गाडीचा संगणक ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचवतो. चालकाला गाडी ‘ओढत नाही’ असे वाटते ते यामुळेही. खान्देशात विकायच्या गाडीचे गणित खान्देशातल्या हवेवर करावे लागते आणि त्यासाठी मे महिन्याची वाट पाहावी लागत नाही, हा सिम्युलेशनचा मोठा लाभ.

एकमितीय प्रकारात हवेच्या नळ्या, व्हॉल्व्ह, टर्बोचार्जर आणि सायलेन्सर यांतून धावणाऱ्या दाबाच्या लाटांचाही हिशेब येतो. जीटी-पॉवर, एव्हीएल बूस्ट आणि रिकार्डो वेव्ह ही त्यातली प्रसिद्ध सॉफ्टवेअर. नळीची लांबी किती ठेवली तर परतणारी लाट नेमकी व्हॉल्व्ह बंद होण्याआधी येऊन जास्त हवा आत लोटेल, हा त्यांच्या कामाचा नमुना.

त्रिमितीय प्रकारात सिलिंडरची जागा लाखो बारीक पेशींत वाटतात आणि प्रत्येक पेशीत प्रवाह, फवारा व रासायनिक क्रिया सोडवतात. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेने १९८५ साली प्रसिद्ध केलेला ‘किवा’ हा या वाटेवरचा मूळ प्रोग्राम. नाव आले पुएब्लो आदिवासींच्या जमिनीत खोदलेल्या गोल पूजाघरावरून, कारण तिथेही सिलिंडरप्रमाणे वरूनच आत शिरतात. पुढे व्यापारी सॉफ्टवेअर आले आणि ओपनफोमसारखे विनामूल्यही. टीव्ही-१ च्या नोझलला तीन भोके असतात, म्हणून पूर्ण सिलिंडर न घेता १२० अंशांची एकच फाक सोडवतात आणि एक तृतीयांश कामात भागते. शून्यमितीय गणित क्षणात होते. हे तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस चालते.

सुंदर रंगीत चित्र आले म्हणजे उत्तर बरोबर आले, असे नाही. फवाऱ्याचे थेंब कसे फुटतात, याच्या सूत्रांत काही स्थिरांक असे असतात की ते मोजलेल्या दाबाच्या वक्राशी जुळेपर्यंत बसवून घ्यावे लागतात. एकाच भाराला वक्र जुळवून थांबणारे प्रबंध पुष्कळ आहेत. खरी परीक्षा मॉडेलला न हलवता दुसऱ्या भाराला किंवा दुसऱ्या इंधनाला लावण्यात आहे. खान्देश कापसाचा, म्हणून सरकीच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलचे उदाहरण घ्यावे. ते डिझेलपेक्षा दाट असते, थेंब मोठे पडतात, दर किलोमागे उष्णता कमी मिळते. डिझेलवर जुळवलेले मॉडेल अशा इंधनावर कितपत टिकते, त्यावरून त्याची किंमत ठरवावी. काजळी, थंड इंजिन सुरू होतानाचे ज्वलन आणि एका आवर्तनापासून दुसऱ्यात पडणारा फरक हे भाग अजूनही अवघड आहेत.

मोटार उद्योगात सिम्युलेशनवरचा भार वाढला तो प्रदूषणाच्या नियमांनी. १ एप्रिल २०२० रोजी देश भारत स्टेज ४ वरून पाचवी पायरी गाळून थेट सहावर गेला. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. इंधन दर आवर्तनाला किती वेळा आणि कोणत्या दाबाने फवारायचे, धुराचा किती भाग परत आत घ्यायचा, यांच्या जोड्या इतक्या होतात की सगळ्या टेस्ट बेडवर चालवणे शक्यच नसते. संगणकावर चाळून उरतील त्याच इंजिनावर लावतात.

प्रमाणपत्र मात्र संगणकाच्या उत्तरावर मिळत नाही. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली एआरएआय ही संस्था ते देणाऱ्यांपैकी प्रमुख; ती ज्या वेताळ टेकडीवर आहे तिला पुणेकर एआरएआय टेकडीच म्हणतात. तिथे खरी गाडी रोलरवर ठरलेल्या चक्राने धावते आणि धूर मोजला जातो. एप्रिल २०२३ पासून मोटारींना मोजमापाचे उपकरण मागे बांधून रस्त्यावरही ही परीक्षा द्यावी लागते, जिथे वेग, चढ आणि हवा आधी ठरवून दिलेली नसते.