खानदेशांतील छपरें आणि आगीचे नियम

खानदेशांतील जुन्या घराचें धाबें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. लांकडी तुळया, वर काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. शेजारून उडालेली ठिणगी त्या मातीवर पडली तर विझून जाई. गवती छपराचें तसें नव्हे. एक पेटलें कीं सारी आळी जात असे.

दाट वस्तीचें हें भय मुंबईच्या कोटांतील १८०३ च्या आगीनें सरकारास दाखविलें होतें. धुळ्यास १८१९ पासून कॅप्टन ब्रिग्ज यांनीं नवी पेठ सरळ गल्ल्या आखून वसविली. हेतु व्यापाराचा असेल. परंतु सरळ रस्त्यानें पाण्याची गाडी आंत शिरूं शकते, हा लाभ कांहीं लहान नव्हे.

पुढें १९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें परवानगीवांचून गवत, पानें, चटया यांचीं छपरें व बाहेरच्या भिंती करण्यास मनाई केली. नियम उत्तम, पण गरिबानें कौलें कोठून आणावींत, याचें उत्तर त्यांत नव्हतें. माझ्या लहानपणीं आमच्या आळीच्या टोकास एका मजुराची खोप जळाली. भिंतीशीं पऱ्हाट्यांचे भारे रचलेले होते. आम्ही बादल्या घेऊन पोहोंचलों तेव्हां चार खुंट तेवढे उभे होते.

२००६ च्या महाराष्ट्र अधिनियमानें आगीपासून संरक्षणाची जबाबदारी मालकावर वा भोगवटादारावर टाकली आहे. मोठ्या इमारतींच्या यंत्रणेचा दाखला दर जानेवारींत व जुलैंत द्यावा लागतो. खोपींत राहणाऱ्याकडे दाखला मागण्यास मात्र कोणी जात नाहीं.