पोलाद गेलं, पाणी राहिलं

मागच्या व्याख्यानात आपण उक्कूपर्यंत आलो होतो. इंग्रजांनी ज्याला वूट्झ म्हटलं तेच हे दक्षिणेतलं पोलाद, कार्बन साधारण दीड टक्का. १८१९ साली मायकेल फॅरडेने त्याचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. पण त्याच शतकात विलायतेचं स्वस्त पोलाद आलं, जंगल कायद्यांमुळे लोणारी कोळसा मिळेनासा झाला आणि मुशीतलं देशी पोलाद संपत गेलं. आता प्रश्न असा, की पोलादाबरोबर लोहाराची विद्याही गेली का?

उत्तर नेपाळात बघा. आजची खुकुरी बहुधा ट्रकच्या भंगारातल्या कमानपाट्यातून घडते. या पाट्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. दणके खाऊनही मोडू नये म्हणूनच तो बनवलेला असतो. मग पातं आपोआप चांगलं होतं का? तर नाही! भट्टीत तापला की पाट्याचं आधीचं पाणी उतरतं. ते नव्याने द्यावं लागतं.

लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं होतं. पाणी द्यायचं ते त्याच्या थोडं वर, ८५० च्या आसपास. नेपाळी कामी किटलीतून फक्त धारेवर पाणी ओततो. धार कडक होते, पाठ चिवट राहते, आणि पाठीतली उरलेली ऊब धारेचा ठिसूळपणा कमी करते. इतरत्र पातं तेलात विझवून पुन्हा दोनशे-अडीचशे अंशांवर तापवतात. स्प्रिंग करताना हेच तापवणं चारशेच्या वर जातं. म्हणजे पोलाद एकच. शेवटच्या तापावर ठरतं, ते लवचीक होणार की धारदार.

आता निवड. जुन्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी बारीक चिरा पडलेल्या असू शकतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. आणि भंगारावर कुणी मिश्रण लिहून ठेवत नाही. म्हणून जाणता लोहार आधी एक तुकडा तापवून विझवतो, तोडतो आणि आतला कण बघतो. बारीक, राखाडी असेल तर ठीक. जाड, चमकता असेल तर ताप जास्त झाला.

आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. तेव्हा पातं मोडलं तर काय मोडतं, हे वेगळं सांगायला नको. संग्रहालयातल्या तलवारीपुढे आपण हात जोडतो. तीच विद्या भात्याशेजारी अजून जिवंत आहे, तिची नोंद मात्र आपण फारशी केलेली नाही.