खानदेशातील गृहरचना : लाकडी खणापासून पोलादी पोर्टल चौकटीपर्यंत

प्रस्तावना :
पोलादी पोर्टल चौकट ही आधुनिक व परकीय रचना मानली जाते. दोन खांब आणि त्यांना माथ्याशी ताठ सांध्याने जोडलेली आडवी तुळई वा उतरते वासे, असे तिचे स्वरूप असते. परंतु छताचा भार भिंतीऐवजी चौकटीने पेलणे, हे तत्त्व खानदेशाला नवे नाही. प्रस्तुत लेखात जळगाव-धुळे परिसराच्या संदर्भात या दोन चौकटींचा विचार केला आहे.

लाकडी चौकट :
खानदेशातील धाब्याच्या जुन्या घरांत लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे व सर्वांत वर मातीचा जाड थर अशी रचना आढळते. घराचे माप खणांत सांगितले जाई. लाकडाच्या लांबीवर दालनाची रुंदी ठरे. या चौकटीची उणीव सांध्यात होती. उभा भार ती पेलत असे. आडव्या धक्क्याला मात्र सांधा पुरेसा ताठ नसे. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने खणाच्या घरांचे बलाबल दाखवून दिले. दगड-मातीच्या भिंती कोसळल्या, तरी अनेक ठिकाणी लाकडी चौकटी उभ्या राहिल्या.

लोखंडाचे आगमन :
मुंबईतील वॉटसन हॉटेलची (1867-69) लोखंडी चौकट इंग्लंडमध्ये घडवून आणली होती. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली आणि खानदेशचा कापूस थेट मुंबईशी जोडला गेला. पोर्टल चौकटीचे शास्त्र मात्र विसाव्या शतकातील आहे. जॉन बेकर यांनी विकसित केलेल्या प्लॅस्टिक सिद्धांतामुळे ताठ सांध्याची खरी भारक्षमता मोजता येऊ लागली. 1941 साली ब्रिटनमध्ये घराघरांत ठेवल्या गेलेल्या मॉरिसन निवाऱ्याची पोलादी चौकट त्यांनी याच विचारातून सिद्ध केली.

भारतात पोलाद दुर्मिळ होते. भारतीय मानक संस्थेने 1950 मध्ये पोलाद-बचतीचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच मालिकेतून 1972 साली प्लॅस्टिक सिद्धांतावरील व 1987 साली पोर्टल चौकटीवरील पुस्तिका निघाली. पोलादाच्या किंमत व वितरणावरील नियंत्रण 1992 मध्ये उठले. तोवर घरबांधणीत प्रबलित काँक्रीटने जम बसविला होता. काँक्रीटची चौकटही ताठ सांध्याचीच. म्हणजे तत्त्व घरात आले, पोलादी रूप मात्र मुख्यतः गोदामे व कारखान्यांपुरते राहिले. लहान दालनांच्या घरात मोठ्या गाळ्याचा लाभही फारसा मिळत नाही.

स्थानिक अडचणी :
पोर्टल चौकटीचे पाय बाहेरच्या बाजूस रेटा देतात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेथे पाया खोल नेऊन दोन्ही पाय जमिनीखालून एकमेकांशी बांधणे हितावह ठरते. दुसरा प्रश्न उष्म्याचा. जळगावचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांपलीकडे जातो. मातीचे धाबे ही उष्णता आत उशिरा पोहोचवते. उघडा पत्रा ती तत्काळ पोहोचवतो.

निष्कर्ष :
खानदेशात चौकट जुनीच आहे. नवा आहे तो तिचा सांधा. जड धाबे उन्हाळ्यात सुखद, पण भूकंपात घातक. हलका पत्रा याच्या नेमका उलट. म्हणून पोलादी चौकट घरासाठी स्वीकारताना केवळ सांध्याची गणिते पुरेशी नाहीत. हलक्या छताखाली उष्णतारोधक थर देऊन धाब्याचा गुण राखला, तरच ती या प्रदेशाची गृहरचना ठरेल.