फाळक्यांचा वाटाणा आणि ग्रीअरसनचा मासा



नाशिकमध्ये उभं राहून दादासाहेब फाळक्यांवर बोलायचं म्हणजे आजोळी जाऊन मामाची ओळख करून देण्यासारखं आहे. जन्म त्र्यंबकचा, शेवटचा श्वास नाशिकमध्ये, स्मारक पांडवलेण्याच्या पायथ्याशी. तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट मी पुन्हा सांगत नाही. आज त्याच्या आदल्या वर्षीच्या एका चित्रपटाबद्दल बोलायचं आहे. त्यात नट नाही, पडदे नाहीत, संवादाच्या पाट्या नाहीत. नायक आहे कुंडीतला वाटाणा.

थोडं मागे जाऊ. फाळके सिनेमाकडे वळले ते गिरगावात ख्रिस्ताचा चित्रपट पाहून, हे सगळ्यांना माहीत असतं. हे १९१० च्या नाताळात घडलं की १९११ च्या ईस्टरला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण एका हकिकतीनुसार त्याच्या आदल्या दिवशी ते मुलाला घेऊन त्याच थिएटरात गेले होते आणि तेव्हा पडद्यावर होते चक्क प्राणी. मुलाने घरी येऊन आईला सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं घर गेलं आणि तेव्हा ख्रिस्त लागला होता. ही हकिकत खरी धरली, तर आपल्या चित्रपटाच्या उगमाशी देवाच्याही आधी जनावरं आहेत. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढे १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. विम्याच्या पॉलिसी त्यासाठी गहाण पडल्या होत्या. आता चित्रपट करायला भांडवल हवं, आणि भांडवलवाला विचारणार, ‘तुम्हाला हे जमतं कशावरून?’ म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढते. महिनाभराहून जास्त काळाची ही वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो चित्रपट ओळखला जातो.

पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की रोज एक चौकट घेतली. जरा हिशेब मांडू. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी धावायच्या. रोज एक चौकट घेतली तर महिन्याच्या ३०, म्हणजे पडद्यावर दोन सेकंद! मिनिटभरासाठी साडेनऊशेच्या वर चौकटी लागतात, म्हणजे रोजच्या तीसेक. याचा अर्थ माणूस दिवसभर त्या कुंडीपाशी बांधलेला असणार. कॅमेरा हलता कामा नये, कुंडी सरकता कामा नये, उजेड फार बदलून चालणार नाही. आणि हे सगळं करणाऱ्या माणसाची दृष्टी थोड्याच काळापूर्वी जवळजवळ गेली होती. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथने फुलं उमलताना दाखवणारा चित्रपट १९१० मध्ये केला होता. म्हणजे जगात ही गोष्ट नवी असतानाच आपल्याकडे ती झाली.

चित्रपट निवडक लोकांना दाखवला. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. वाटाण्याने आपलं काम केलं. आणि काम झाल्यावर निसर्गाकडे फाळके असे पुन्हा वळलेले दिसत नाहीत. त्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावर छोटा चित्रपट केला, सिंहस्थ चित्रित केला, चित्रपट कसे तयार करतात तेही दाखवलं. पण संसार चालला पौराणिकांवर. १९१८ ला नाशिकला हिंदुस्थान कंपनी उभी राहिली तीही त्याच जोरावर. यात त्यांना दोष कसा द्यायचा? तिकीट काढणारा प्रेक्षक वाटाण्यासाठी येत नव्हता. वाटाणा प्रेक्षकासाठी नव्हताच, तो सावकारासाठी होता.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता मी तुम्हाला एकदम उत्तर समुद्रात नेणार आहे.

तिकडच्या बेटांवर कॅमेरा पोचला आणि मासळीकडे वळला, यात नवल नाही. आइसलँडचा पहिला मोठा माहितीपट लोफ्तुर गुदमुंडसन या छायाचित्रकाराने १९२५ मध्ये दाखवला. त्यात ट्रॉलर आहेत, मासळीवरचं काम आहे. त्या देशाचं पोटच त्यावर. पण आपल्या विषयाला जवळची गोष्ट आहे जॉन ग्रीअरसन या स्कॉटिश माणसाची. हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा, पकडणाऱ्या बोटींवर त्याने १९२९ मध्ये ‘ड्रिफ्टर्स’ केला. हाच विषय का? ब्रिटिश सरकारच्या एका मंडळाला चित्रपटासाठी पैसे हवे होते. ते मंजूर करणाऱ्या अर्थखात्यातल्या आर्थर सॅम्युएल या मंत्र्याने हेरिंगवर आख्खं पुस्तक लिहिलेलं होतं. ग्रीअरसनने बरोबर तोच मासा पुढे केला. पैसे मिळाले! फाळक्यांची कुंडी आणि ही जाळी, दोन्हींचा जन्म एकाच गरजेतून.

‘ड्रिफ्टर्स’ सुंदर आहे, जमलं तर जरूर पाहा. त्यात वादळ आहे, जाळी ओढणारे हात आहेत, बंदरावरचा लिलाव, मिठाची पिंपं. बोटीतली केबिन मात्र किनाऱ्यावर उभारलेली होती आणि पाण्याखालचे मासे प्लिमथच्या एका टाकीतले. ते सोडा. त्यात एक प्रश्न नाही : मासे किती उरलेत? पैसे देणाऱ्याने तो विचारला नव्हता. पन्नास वर्षं व्हायच्या आत, १९७७ मध्ये, उत्तर समुद्रातली हेरिंगची मासेमारी बंद करावी लागली.

ग्रीअरसनच्या या घराण्यातला अलेक्झांडर शॉ १९४० मध्ये मुंबईला फिल्म अॅडव्हायजरी बोर्डावर आला. युद्धाच्या प्रचाराचं काम. त्याच वाटेने १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन झालं. मुख्य चित्रपटाआधीची ती सक्तीची रीळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, किंवा तेवढ्यात शेंगदाणे आणायला बाहेर गेला असाल. तिथेही पैसे देणारा एकच होता, सरकार.

हा धागा तुटला तो स्वतंत्र चित्रपटांत. आनंद पटवर्धनांनी १९९८ मध्ये मासेमारीवर पाऊण तासाचा माहितीपट केला. त्यात मोठ्या जहाजांविरुद्ध आणि कोळंबीच्या शेतीविरुद्ध उभे राहिलेले मच्छीमार बोलतात. ‘ड्रिफ्टर्स’ मुका होता, हात दिसायचे. इथे त्या हातांना तोंड फुटलं. आणि २०२३ मध्ये सर्वनिक कौर यांच्या ‘अगेन्स्ट द टाइड’ला सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. मुंबईचे दोन कोळी मित्र. एक वडिलांची होडी आणि जुनी रीत धरून बसलेला. दुसरा स्कॉटलंडला शिकून आलेला, खोल समुद्रात बोट नेणारा, कर्जात बुडत चाललेला. त्याला एलईडी दिव्यांची मासेमारी खुणावते, जिच्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. दोघांचं भांडण होतं, तेव्हा आपण कुणाच्या बाजूचे हे मला तरी ठरवता आलं नाही. इथे खलनायक नाही. जाळ्यात मासा नाही, एवढंच.

आता आपल्याकडे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथलं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथल्या पक्ष्यांच्या चित्रफिती आता मोबाइलवर रोज येतात. पुढची आली की एवढंच बघा, पाण्यात जाळं टाकणारा माणूस तिच्यात कुठे दिसतो का.

फाळक्यांच्या वाटाण्याची प्रत मात्र आज उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग राहिले, ‘कालिया मर्दन’ बराचसा राहिला. वाटाणा कर्ज फिटेपर्यंत तरी कुणी जपून ठेवला होता का, कोण जाणे.

बराच वेळ घेतला. कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.