डनब्लेनच्या आया आणि पिस्तुलांचा कायदा



कायदे संसदेत होतात, हे आपण शाळेत शिकलो. पण कायद्याची पहिली मागणी पुष्कळदा भलत्याच ठिकाणी उठते. कधी पाणवठ्यावर, कधी दारूच्या गुत्त्यासमोर, कधी शाळेच्या फाटकाबाहेर मुलाची वाट पाहत उभ्या असलेल्या बायकांमध्ये. आज आपण अशाच एका मागणीचा इतिहास ऐकणार आहोत. तो आहे स्कॉटलंडमधल्या डनब्लेन या लहानशा गावाचा.

हा विषय घेण्याचं कारण सरळ आहे. अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडेही कितीतरी घरांतून तिकडे फोन लागतात. कुणाची लेक तिथे आहे, कुणाचा भाचा, कुणाची नातवंडं. आज शाळेत दिवे मालवून, दाराला आतून कडी लावून गप्प बसायचा सराव झाला, असं नातू आजीला सांगतो आणि आजीच्या पोटात गोळा येतो. मग प्रश्न पडतो, हे थांबवायचं कसं? फाटकं मजबूत करून, की बंदुकाच आवरून? डनब्लेनच्या लोकांपुढे हाच प्रश्न होता.

१३ मार्च १९९६, बुधवार. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत पहिलीची २८ मुलं व्यायामशाळेत जमली होती. पाच-सहा वर्षांची ती मुलं. एक माणूस चार पिस्तुलं आणि सातशेहून अधिक काडतुसं घेऊन आत शिरला. तीन-चार मिनिटांत त्याने शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या आणि शेवटी स्वतःला गोळी मारून घेतली. १६ मुलं आणि त्यांच्या वर्गशिक्षिका मरण पावल्या. आणखी पंधराजण जखमी झाले. पुढे टेनिसमध्ये विम्बल्डन जिंकणारा अँडी मरे तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याच शाळेत शिकत होता. त्याची आई ज्युडी मरे इतर आयांबरोबर शाळेबाहेर उभी होती. आत कोणता वर्ग होता हे कुणालाच कळत नव्हतं. आपलं मूल असेल की शेजारणीचं, एवढाच प्रश्न त्या सगळ्यांच्या डोळ्यांत होता.

चारच दिवसांनी, १७ मार्चला, ब्रिटनमध्ये मातृदिन होता. त्या दिवशी राणी एलिझाबेथ डनब्लेनला गेल्या. देशभर लोकांनी एक मिनिट स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहिली. त्या रविवारी १६ घरांत आईला शुभेच्छापत्र देणारे ते हात नव्हते.

मारेकऱ्याचं नाव आम्ही इथे घेणार नाही. पण त्याच्याजवळ ती पिस्तुलं आली कशी, हे सांगायलाच हवं. ती चोरीची नव्हती. ती सगळी परवान्याची होती. ब्रिटनमध्ये १९२० च्या कायद्यापासून पिस्तूल किंवा रायफल बाळगायची तर पोलिसांचा परवाना लागत होता आणि ते हवं कशासाठी, याचं सबळ कारण द्यावं लागत होतं. नेमबाजीच्या क्लबचं सभासद असणं हे कारण चालत असे. या माणसाला १९७७ पासून परवाना होता. तो मुलांचे क्लब आणि उन्हाळी शिबिरं चालवायचा. मुलांशी त्याचं वागणं बरं नाही, अशा तक्रारी पालकांनी अनेकदा केल्या होत्या. १९९१ मध्ये तर एका पोलीस अधिकाऱ्याने वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की या माणसाचा परवाना काढून घेण्याचा गंभीरपणे विचार व्हावा. तो कागद वरपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. परवान्याचं नूतनीकरण होत राहिलं.

इथे जरा थांबून पाहू या. ज्यांच्या मनात पाल चुकचुकली होती त्या आया होत्या, शेजारी होते, एक पोलीसही होता. पण त्या माणसावर कुठला गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, त्यामुळे कागद स्वच्छ होता. परवाना देणारं कार्यालय कागद पाहतं. आईचा संशय कागदावर येत नाही.

याआधी असं काही घडलंच नव्हतं असंही नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या हंगरफर्ड गावात एका माणसाने परवान्याच्या बंदुकांनी १६ जणांना मारलं होतं. त्यानंतर १९८८ मध्ये कायदा झाला. सैनिकी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली. पण हंगरफर्डमध्ये पिस्तूलही वापरलं गेलं होतं, आणि पिस्तुलांना त्या कायद्याने हात लावला नाही. अर्धं कुलूप लावलं होतं. आठ वर्षांनी उरलेल्या अर्ध्या दारातून डनब्लेनचा माणूस आत आला.

डनब्लेनमध्ये अंत्यसंस्कार झाले, देशभरातून फुलं आणि खेळणी आली. काही आठवड्यांत ती व्यायामशाळा पाडून टाकली गेली. एरवी अशा प्रसंगी लोक इथवर येतात आणि हळूहळू आपापल्या कामाला लागतात. या वेळी तसं झालं नाही. त्या परिसरातल्या काही बायका एकत्र आल्या. त्यांत ॲन पीअरस्टन पुढे होत्या. या बायका राजकारणातल्या नव्हत्या. त्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि तिला नाव दिलं ‘स्नोड्रॉप’. थंडी सरता सरता उमलणारं, मान खाली घातलेलं हे छोटं पांढरं फूल. मुलं गेली तेव्हा गावात तेवढंच फुललेलं होतं. मागणी मुख्यतः एकच होती: खाजगी माणसाच्या हाती पिस्तूल नको.

कागद घेऊन त्या भर बाजारात उभ्या राहिल्या. लोक रांगा लावून सह्या करू लागले. त्या उन्हाळ्यात सह्यांचे गठ्ठे लंडनच्या संसदेत पोचले तेव्हा सात लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. मुलं गमावलेल्या आईबापांपैकीही कित्येकजण स्वतःचं दुःख बाजूला ठेवून बोलायला उभे राहिले.

विरोध कमी नव्हता. आम्ही वर्षानुवर्षं कायदा पाळून खेळतो, एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा आम्हाला का, असं नेमबाज म्हणत होते. त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. हजारो लोकांचा छंद जाणार होता, बंदुकांची दुकानं बंद पडणार होती. संसदेच्या गृहविषयक समितीतल्या सत्ताधारी पक्षाच्या सभासदांनीही ऑगस्ट १९९६ मध्ये बंदीची गरज नाही असंच मत दिलं. या बायका भावनेच्या भरात बोलताहेत, असं वर्तमानपत्रांतून लिहिलं गेलं. बायका काही मागायला उभ्या राहिल्या की हे वाक्य कुठल्या देशात ऐकू येत नाही? डिसेंबरमध्ये राणीचे यजमान प्रिन्स फिलिप यांनी रेडिओवर विचारलं की एखाद्याने शाळेत शिरून क्रिकेटच्या बॅटने मुलांना मारलं तर तुम्ही बॅटींवर बंदी घालणार का? त्यावरून बरंच काहूर उठलं.

खरं तर या प्रश्नाचं उत्तर त्याच वर्षी मिळून गेलं होतं. ८ जुलै १९९६ ला इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरातल्या एका बालशाळेत एक माणूस कोयत्यासारखं मोठं पातं घेऊन घुसला. लहान मुलांची सहल-पंगत चालली होती. लिझा पॉट्स ही तरुण मदतनीस मुलांना पाठीशी घालून उभी राहिली, हातांवर वार झेलत तिने मुलांना आत नेलं. तीन मुलं आणि चार मोठी माणसं जखमी झाली, पण एकही जीव गेला नाही. पुढे तिला शौर्याचं जॉर्ज पदक मिळालं. डनब्लेनच्या शिक्षिका काही कमी धीराच्या नव्हत्या. फरक समोरच्या हत्याराचा होता. पात्याला धीराने अडवता येतं, मिनिटाला पंचवीस-तीस गोळ्या सोडणाऱ्या पिस्तुलाला नाही.

सरकारने न्यायमूर्ती लॉर्ड कलन यांचा चौकशी आयोग नेमला होता. त्यांचा अहवाल १६ ऑक्टोबर १९९६ ला आला. त्यात तीन धागे होते. पहिला, पिस्तुलांवर कडक बंधनं आणि परवाना देताना माणसाची नीट पारख. दुसरा, प्रत्येक शाळेच्या सुरक्षिततेची आखणी. तिसरा, मुलांचे क्लब आणि शिबिरं चालवणाऱ्यांची तपासणी. हा तिसरा धागा आपण सहसा विसरतो. बंदूक हाती घेण्याच्या कितीतरी आधी तो माणूस मुलांच्या जवळ पोचला होता.

कलन यांनी सरसकट बंदी सुचवली नव्हती. लोकमताचा रेटा त्यांच्या पुढे गेला. जॉन मेजर यांच्या सरकारने फेब्रुवारी १९९७ मध्ये कायदा करून मोठ्या मापाच्या पिस्तुलांवर बंदी घातली, ‘पॉइंट टू-टू’ ही लहान मापाची पिस्तुलं मात्र क्लबमध्ये ठेवायची मुभा दिली. स्नोड्रॉपच्या बायकांना हे पुन्हा अर्धं कुलूप वाटलं. मे महिन्यात निवडणूक झाली, टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष सत्तेवर आला आणि त्याच वर्षी दुसरा कायदा होऊन इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये लहान पिस्तुलांचीही मुभा गेली. लोकांनी एक लाख साठ हजारांहून अधिक पिस्तुलं पोलिसांकडे जमा केली. सरकारने त्यांची भरपाई दिली. २००२ मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा पिस्तुलाच्या स्पर्धेसाठी खास सवलत काढावी लागली, इतका हा कायदा कडक होता.

शाळाही बदलल्या. कोणीही यावं आणि कुठल्याही दारातून आत जावं, हे बंद झालं. एकच दार, घंटी, पाहुण्यांची नोंद, गळ्यात ओळखपत्र. मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या पोलिसी नोंदी तपासायची पद्धत बसली.

आता हिशेब मांडू. त्या दिवसानंतर ब्रिटनमध्ये शाळेत शिरून गोळीबाराने मुलांना मारल्याची अशी घटना पुन्हा झालेली नाही. पण या कायद्याने सगळं संपलं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. बंदीनंतर काही वर्षं गुन्हेगारांच्या हातातल्या बेकायदा पिस्तुलांचे गुन्हे उलट वाढले, नंतर ते उतरले. २०१० मध्ये कंब्रिया भागात एका माणसाने परवान्याच्या शॉटगन आणि रायफलने १२ जणांना मारलं. म्हणजे उरलेल्या बंदुकांच्या परवान्यात तोच जुना प्रश्न शिल्लक आहे: कागद स्वच्छ आहे, पण माणूस कसा आहे?

नुसत्या फाटकांवर विसंबलं तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. १४ डिसेंबर २०१२ ला सँडी हूक शाळेचं दार कुलूपबंद होतं, घंटी दाबल्यावरच उघडणारं. मारेकऱ्याने शेजारची काच गोळ्यांनी फोडली आणि आत जाऊन २० मुलं आणि सहा मोठ्यांना मारलं. त्यानंतर बंदूक घेणाऱ्याची तपासणी वाढवणारं विधेयक एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये अडलं. ५४ मतं बाजूने पडली, लागत होती ६०. मे २०२२ मध्ये टेक्सासच्या युव्हाल्डी गावात शाळेवर पोलीस आले, शेकड्यांनी आले, पण बंदूकधारी असलेल्या वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. दार, कुलूप, पहारेकरी या गोष्टी हव्यातच. पण त्या शेवटच्या फळीवर उभ्या असतात. पहिली फळी म्हणजे बंदूक कुणाच्या हातात जाते आणि घरात कुठे ठेवली जाते. शाळकरी मारेकऱ्यांपैकी बहुतेकांनी बंदूक आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरातूनच घेतल्याचं तिथल्या सरकारी तपासात दिसलं आहे. मिशिगनमध्ये २०२१ साली एका मुलाने शाळेत चौघांना मारलं, तेव्हा २०२४ मध्ये त्याच्या आईवडिलांनाही न्यायालयाने दोषी ठरवलं.

म्हणून तिकडे राहणाऱ्या लेकीसुनांना आपण एक विचारायला शिकवू या. मूल खेळायला कुणाच्या घरी जाणार असेल, तर तिथे कुत्रा आहे का हे आपण विचारतोच. तसंच विचारावं, घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का? विचारताना संकोच वाटेल. डनब्लेनच्या बाजारात अनोळखी माणसापुढे सहीचा कागद धरताना त्या बायकांनाही तो वाटलाच असेल.

आणि इथे, आपल्या गावात? मुलांचे वर्ग, शिबिरं, क्लब घेणारा माणूस कोण आहे, याची चौकशी करायला आपल्याला कुठला नवा कायदा लागत नाही. एखाद्या आईला काही खटकलं तर ते ओट्यावरच्या कुजबुजीत विरू देऊ नका. लेखी द्या, पोच घ्या, आणि त्या कागदाचं पुढे काय झालं ते विचारायला पुन्हा जा. डनब्लेनमध्ये एक कागद वरपर्यंत गेला होता. त्याची पाठ कुणीतरी धरायला हवी होती.